मेंदू शिकायचा तर डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही

गेल्या ऑगस्टात मी बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. ड्रॉसोफिला माशीच्या मेंदूत वास कसा ओळखला जातो, त्यासाठी कोणत्या चेतापेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात, हा माझा विषय. (ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळींवर घोंगावणारं चिलट. आंब्यात अळ्या पाडणारी आपली फळमाशी वेगळी.) तेव्हापासून दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, मेंदूचं शिकायचं म्हणजे नीट काढावी लागते ना?"

नाही लागत. मी साधी बी.एस्सी. झूलॉजी केली, मग अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी. हा रस्ता आहे हे सांगणारं माणूस मला वेळेवर भेटलं. प्रत्येकाला भेटतंच असं नाही. म्हणून जसं घडलं तसं क्रमानं लिहिते, खर्च आणि कागदपत्रांसकट.

२०१७ मध्ये मी अकरावीला होते. त्या हंगामात बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली आणि विदर्भभर शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. कृषी सहायकांनी गावात कामगंध सापळे दिले, आणि आमच्या वावरातल्या सापळ्यांतले पतंग मोजायचं काम माझ्याकडे आलं. सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, त्याला खाली लांब पिशवी आणि वर झाकणाच्या आत रबराची छोटी गोळी. मादी सोडते तो वास कारखान्यात बनवून त्या गोळीत भरलेला असतो. सापळ्यामागे आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं की फवारणीची वेळ आली, असा हिशेब. मी सकाळी पिशवीची गाठ सोडून ते मातकट पतंग जुन्या वर्तमानपत्रावर ओतायची, काडीनं बाजूला करत मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. बोटांना त्यांच्या पंखांची पूड लागायची, ती साबणानंही लवकर जायची नाही.

"हे सारे नरच हायत," बाबा म्हणाले. "मादी येतच नाई याच्यात."

शेजारच्या काकांच्या सापळ्यात मात्र काहीच पडत नव्हतं. त्यांची गोळी जुनी झाली होती. नवी लावली आणि दुसऱ्या सकाळी पिशवीत पतंग. सापळा तोच, जागा तीच. बोटाच्या पेराहून लहान जीव, त्याला अंधारात एक वास येतो आणि बाकी सगळं सोडून तो तिकडे उडतो. हे त्याच्या डोक्यात कसं घडतं, याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. आमच्या गल्लीतले एक दादा त्यातून वाचले. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या, तोंडातली लाळ थांबत नव्हती, हातापायाचे स्नायू आपोआप थरथरत होते. बी.एस्सी.ला आल्यावर त्याचं कारण कळलं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं असिटाइलकोलीन या रसायनाचं विघटन थांबवतात. किड्यांच्या मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो मुख्यतः याच रसायनानं. आपल्या शरीरात तेच रसायन चेतातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना देतं. म्हणून आपण ज्याला 'औषध' म्हणतो ते किड्यालाही मारतं आणि फवारणाऱ्यालाही. त्या दिवसापासून किड्याची चेतासंस्था मला परकी वाटली नाही.

२०१९ मध्ये बारावी झाली. खासगी मेडिकलची ऐपत नव्हती आणि सरकारी मिळण्याएवढे गुण नव्हते, म्हणून बी.एस्सी.ला गेले. पहिलं वर्ष संपता संपता कोरोना आला. दुसऱ्या वर्षाचा बराचसा अभ्यास मी गच्चीवर, रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून केला. तिसऱ्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी ओबैद सिद्दीकी या जीवशास्त्रज्ञाविषयी सांगितलं. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केल्या की पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्यासोबत शोधल्या. पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये (टीआयएफआर) व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत माशीच्या वासा-चवीवर काम केलं, आणि बंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. मॅडम म्हणाल्या, "झूलॉजीवालेच हे काम करतात. तू का नाही करणार?" मी त्या रात्री झोपले नाही.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज भरला. ही गोष्ट लहान कॉलेजातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, राहण्या-जेवणापुरते पैसे मिळतात, रेल्वेचं भाडं मिळतं. अर्जात एका शिक्षकाचं शिफारसपत्र आणि 'मला काय करायचंय' हे सांगणारं छोटं निवेदन लागतं. मी ते आधी मराठीत लिहिलं. सापळे, जुनी गोळी, नवी गोळी, सगळं. मग इंग्रजीत नेलं. थेट इंग्रजीत लिहायला बसले असते तर सगळ्यांची असतात तीच वाक्यं आली असती.

मे २०२३ मध्ये नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेस पकडली. आई स्टेशनवर आली होती. "इतक्या दूर काहून जातं? डॉक्टर तं होनार नाई ना थे," असं म्हणत तिनं धपाटे आणि ठेच्याचा डबा हातात दिला. तिची काळजी खरी होती. आमच्या घरातून एवढ्या लांब एकटं कोणी गेलंच नव्हतं.

पहिला आठवडा मी माश्यांचं जेवण बनवण्यात काढला. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर पाण्यात शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं, गार झालं की कापसाचा बोळा लावायचा. २५ अंश तापमानाला साधारण दहा दिवसांत अंड्याची माशी होते. मग एक दिवस सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत माशीचा मेंदू दाखवला. तिच्या चेतापेशींत असं प्रथिन घातलेलं होतं की पेशी सक्रिय झाली की जास्त चमकते. नळीतून केळ्याच्या वासाची झुळूक सोडली आणि पडद्यावर दोन-तीन हिरवे ठिपके उजळले. वास बदलला, ठिपके बदलले. सहा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रावर पतंग ओतताना जे विचारलं होतं, ते डोळ्यांनी दिसत होतं. मला रडू आलं आणि शेजारच्या सिनिअर मुलीनं काही न बोलता खुर्ची पुढे केली.

आता कागदपत्रांकडे येते, कारण फोनवर अर्धा वेळ यावरच जातो. आम्ही कुणबी, म्हणजे इतर मागासवर्गात. माझ्याकडे जातीचा दाखला, जात वैधता आणि राज्याचं नॉन-क्रिमीलेअर सगळं होतं. सीएसआयआर-नेट (पीएच.डी.साठीची फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, जिच्यातून मिळते ती देशपातळीवरची परीक्षा) आणि केंद्राच्या संस्थांना मात्र ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यात लागतं. तो कागद वेगळा. सेतूत अर्ज करतानाच 'केंद्राच्या नमुन्यात पाहिजे' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचा मिळतो. बऱ्याच संस्था चालू आर्थिक वर्षातलं प्रमाणपत्र मागतात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं. दुसरी गोष्ट, क्रिमीलेअरची ८ लाखांची मर्यादा मोजताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. भावाला नोकरी लागली म्हणून आपण ओबीसीच्या सवलतीत बसत नाही, असं समजून गावातल्या कितीतरी मुलांनी अर्जच केलेला नाही.

माझा कागद एका कार्यालयातून नावावरून परत आला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि बाबांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन जागी दोन तऱ्हेचं. मग प्रतिज्ञापत्र, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा फेरी. बाबांची मजुरी बुडाली ती वेगळी, पण हातातून हजार-बाराशे रुपये गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं माझं येणं-जाणं तेवढं स्वस्त पडलं. तुमची सगळी कागदपत्रं दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळवून घ्या आणि हे काम एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी उरका.

डिसेंबर २०२३ ची नेट दिली, पण यादीत नाव नव्हतं. लाइफ सायन्सचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. शेवटच्या क विभागात ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, आणि चुकलं की त्या चारांतला पाव हिस्सा, म्हणजे १ गुण कापला जातो. खरी परीक्षा कोणते पन्नास प्रश्न सोडून द्यायचे याची आहे. दुसऱ्यांदा तयारी करताना मी निम्माच अभ्यासक्रम पक्का केला: पेशीविज्ञान, आनुवंशिकी, शरीरक्रिया, वर्तन आणि सांख्यिकी. अ विभागातल्या गणिती कोड्यांसाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पुरली, वेगळा क्लास लावला नाही. ओबीसीसाठी शुल्क ६०० रुपये होतं.

जून २०२४ ची ती परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या शेवटी झाली. हे मधले दिवस फार वाईट गेले. एम.एस्सी. संपली होती, हॉस्टेल सोडलं होतं, घरी निंदण चालू होतं. सकाळी वावरात आणि दुपारी पुस्तकात, दोन्हीकडे मन लागेना. आत्या येऊन सांगून गेल्या की चांगलं स्थळ आहे, बँकेत आहे मुलगा. आई मला म्हणाली, "मी त्याइले दिवाईपर्यंत थांबा म्हनलं. पुढचं तू पाय." तेवढं तिनं केलं म्हणून बाकीचं झालं. सप्टेंबरात निकाल लागला आणि जेआरएफ मिळाली.

पण जेआरएफ म्हणजे प्रवेश नव्हे, ही समजूत आधीच करून घ्या. फेलोशिप फक्त पैशांची सोय करते, प्रयोगशाळा तुम्हालाच शोधावी लागते. मी पुण्याचं आयसर, बंगळुरूचं आयआयएससी, मानेसरचं नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर यांची संकेतस्थळं रोज चाळत होते. एनसीबीएस आणि टीआयएफआर यांच्यासाठी जेजीबिल्स नावाची वेगळी परीक्षा डिसेंबरात असते, तीही दिली. तिथे पाठांतर फार कामाला येत नाही. प्रयोगाची आकृती देतात आणि यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही, असं विचारतात. जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मिळतात, त्या सोडवा. आणि बी.एस्सी. ॲग्रीवाल्यांनो, तुम्हीही या परीक्षेला पात्र असता.

याच मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, फ्लायवायर प्रकल्पानं प्रौढ ड्रॉसोफिलाच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध केला. १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या पाच कोटींहून अधिक जोडण्या. तो कोणालाही फुकट बघता येतो. मी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या नेटवर, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून तो पाहत बसायची. कशात काय बघायचं कळेना म्हणून मी एकच पेशी धरली. वासाच्या आठवणी साठवणारा जो भाग आहे, त्यात प्रत्येक बाजूला सुमारे २,००० केनियन पेशी असतात, आणि त्या सगळ्यांवर एकच मोठी पेशी, एपीएल, पसरलेली असते. ती बाकीच्यांना दाबून ठेवते, त्यामुळे एका वासाला थोड्याच पेशी उत्तर देतात. ग्रामसभेत सगळे एकदम बोलू लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, सरपंचांनी गप्प केलं की एकेकाचं म्हणणं वेगळं कळतं, तसं काहीसं. ती पेशी बंद केली तर माशीला मिळतेजुळते वास वेगळे ओळखणं जड जातं.

नुसता नकाशा हातात आला म्हणजे वागणं कळलं असं होत नाही, हेही तेव्हाच ध्यानात आलं. सी. एलिगन्स या सूतकृमीच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला होता. तरी तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आजही पूर्ण सांगता येत नाही. भूक लागली, तापमान बदललं की त्याच जोडण्या वेगळ्या वागतात.

मुलाखती २०२५ च्या उन्हाळ्यात झाल्या. काही संस्था प्रवासभाडं परत देतात, आधी ईमेल करून विचारा आणि तिकिटं जपून ठेवा. जिथे माझी निवड झाली तिथल्या मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळत होतं. समोरच्यांनी खडू हातात दिला. प्रश्न होता: एखादी पेशी एखाद्या वागण्याला लागतेच, हे कसं सिद्ध करशील? मी फळ्यावर कामगंध सापळा काढला. गोळी काढून घेतली तर पतंग येत नाहीत. परत लावली तर येतात. पेशीचंही तसंच, तिला गप्प केलं की वागणं थांबतं का आणि बाहेरून चेतवली की वास नसतानाही ते वागणं दिसतं का. त्यावर एका प्राध्यापकांनी विचारलं, "गोळी बदलली त्या रात्री वारा, पाऊस, चंद्र सारखाच होता हे कशावरून?" मी म्हटलं, त्याच रात्री शेजारी जुन्या गोळीचा दुसरा सापळा लावायला हवा. पुढचा बराच वेळ आम्ही फक्त त्या सापळ्यावर बोललो. माहीत नाही त्याला 'माहीत नाही, पण असं तपासेन' म्हटलं तर चालतं, हे मी तिथे अनुभवलं.

जूनअखेर ईमेल आला. बाबा डवरणीला गेले होते, मी तशीच वावरात गेले. त्यांनी बैल थांबवले, ईमेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "पैसे आपल्याले भरा लागतेत का थे देतेत?" थे देतेत, म्हटलं. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर्षाला २०,००० आकस्मिक खर्चासाठी, आणि हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. पण पहिले पैसे लगेच येत नाहीत. रुजू झाल्याचे कागद, बँकेचे कागद, मार्गदर्शकाच्या सह्या, हे सगळं होऊन माझ्या खात्यात पहिली रक्कम आली तेव्हा जानेवारी उजाडली होती. सोबत नेलेले ३०,००० दिवाळीआधीच संपले, नंतर भावानं पाठवले. हॉस्टेलची अनामत, मेस, स्वेटर, छत्री (बंगळुरूला तीही लागते) असं धरून किमान चार-पाच महिन्यांची सोय करूनच निघा.

सध्या मी पॅच-क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीतली वीज मोजायची पद्धत, शिकते आहे. माशीला पातळ पत्र्याच्या छिद्रात चिकटवायचं, डोक्यावरचं कवच सुईनं उघडायचं, आणि टोकाला सुमारे एक मायक्रॉनचं छिद्र असलेली काचेची नळी एका पेशीला टेकवायची. मग नळीला जोडलेल्या रबरी ट्यूबमधून तोंडानं हलकेच हवा ओढायची. पेशी काचेला घट्ट चिकटली की पडद्यावरचा विद्युतरोधाचा आकडा एकदम वर चढतो. जोरात ओढलं तर पेशी फाटते, हळू ओढलं तर चिकटत नाही. कित्येक आठवडे एकही पेशी टिकली नाही. मार्चमध्ये एक टिकली, आणि वास सोडल्यावर तिचे विद्युतस्पंद स्पीकरवर टकटक ऐकू आले. भुकेल्या माशीत आणि पोट भरलेल्या माशीत ही टकटक कशी बदलते, ते आता मोजायचं आहे. याला वर्ष तरी जाईल.

यंदा अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगते की उन्हाळी फेलोशिपसाठी ऑक्टोबरपासून संकेतस्थळावर लक्ष ठेवा, शिफारसपत्रासाठी शिक्षकांना महिनाभर आधी भेटा, आणि केंद्राच्या नमुन्याचा अर्ज एप्रिलातच टाका. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की प्रतिज्ञापत्राला बाबांना तहसीलला नेणं जमत नाही.